टल्कीटनातला काटा

इथे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.
माझी थोरली काकू काकांना जन्मभर 'हे' म्हणायची,
तसं अलास्कातलं हे एका रस्त्याचं गाव म्हणतं,
'आज तो बाहेर आलाय',
किंवा, बहुतेक दिवशी, 'नाही आला'.

वीस हजार तीनशे दहा फूट.
पहिल्या जूनमध्ये तीन आठवडे मी त्याला ढगांत शोधत होते.
व्हर्ना, आमची वैमानिक, काचेवरचे डास पुसता पुसता म्हणाली,
'मान अजून वर कर.'
केली.
ज्याला मी आभाळ समजून चालले होते
त्यातला बराचसा तो होता.

माझं काम काट्यावर.
विमान लहान, लाल, पोटाखाली बर्फावर उतरायच्या पट्ट्या.
हिमनदीवर जाणारं सगळं आधी तोलायचं :
दोर, तंबू, इंधनाचे डबे, चीजचे ठोकळे,
आणि शेवटी माणूस, बुटांसकट.
काट्यावर चढताना सगळेच श्वास आत ओढतात.
त्याच्या अंगाखांद्यावर चढायला निघालेली माणसं
माझ्या सहा इंची पाटावर लाजतात.

वडील श्रीरामपुरात वजनमापे खात्यात होते.
आठवडी बाजारात पारड्याखाली चिकटवलेली चिंच
त्यांना दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनच कळायची.
'काट्याला ओळखदेख नसते,' म्हणायचे.
एकदा सख्ख्या मेव्हण्याची मापं जप्त करून आणली.
त्या दिवाळीला आई माहेरी गेली नाही.

मर्ल ओहायोचा. शाळेत गणित शिकवायचा.
चहाच्या पुड्यांचे दोरे तोडलेले,
नकाशाच्या कडा कातरलेल्या.
माझ्याकडून करवत मागून घेतली
आणि टूथब्रशची दांडी तिथेच उभ्याउभ्या कापली.
'थेंबे थेंबे,' मी मराठीत म्हणाले.
तो हसला, कशाला कोण जाणे.
तुकडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,
'सांभाळ. आलो की जोडून घेईन.'
मी लिहिलं : माणूस एकशे अठ्ठ्याहत्तर पौंड.
सामान एकशे बारा.

मग आठ दिवस वर वारा.
इथे खाली ऊन, रात्र नाहीच,
आइस्क्रीमच्या गाडीपुढे रांग.
वाऱ्यातून सुटलेले एकेक करून उतरले,
नाकाची सालं निघालेली, पट्टे दोन भोकं आत ओढलेले.
लिथुआनियाचे दोघे भाऊ
एका बाकावर बसून, एकमेकांकडे न बघता,
चार-चार बर्गर खाऊन गेले.
कुणी काही सांगत नाही. मीही विचारत नाही.

जुलैच्या तीन तारखेला व्हर्ना एकटीच आली.
मागच्या सीटवर पिशवी, पट्ट्यानं बांधलेली.
परतीचं वजन आम्ही घेत नाही. नियम नाही तसा.
तरी तिनं ती काट्यावर आणून ठेवली
आणि हातमोजे न काढता उभी राहिली.
एकेचाळीस.
'माणूस' या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही.
शून्यही नाही.
वडिलांनी कारण विचारलं असतं.

ती गेल्यावर ड्रॉवर उघडला.
दांडी निळी, टोकाला करवतीचे दात उमटलेले.
पाटाच्या मधोमध ठेवली.
काटा माणसांचा, त्याला ती कळलीच नाही.
बाहेर कुणीतरी ओरडलं, 'आला! बाहेर आला!'
आणि रस्त्यावरचे सगळे फोन वर झाले.
दुरून साजरा, आहेच तो.

मी गुडघ्यांवर बसले
आणि पाटाखाली हात घालून
चारी कोपरे चाचपले.
धूळ होती. एक मेलेला डास.